मे महिन्यात न वाळलेला प्राणी

१

उन्हाळी शिबिर या प्रकाराची मला चीड आहे. 'टाकाऊतून टिकाऊ' शिकवायचं, आणि त्यासाठी आईबापांना प्लॅस्टिकच्या डब्यातला नवाकोरा संच घ्यायला लावायचा. डब्यात कागद आधीच फाडून ठेवलेला. म्हणजे पोरांनी कागदसुद्धा फाडायचा नाही. बऱ्हाणपुरातल्या अशाच एका शिबिरात जाऊन मी हे तोंडावर बोलले. तिथल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, पेरेंट्सना सफाई पाहिजे असते." मी म्हटलं, "मग पोरं कशाला घेता? झाडू भरती करा."

आयुष्य बातमीदारीत गेलं. निवृत्त झाले तरी भांडायची सवय सुटलेली नाही. घरी आले, ओट्यावर गोणपाट अंथरलं आणि गल्लीत जाहीर केलं: उद्या सकाळपासून पोरं इकडे पाठवा. सोबत घरातला कचरा पाठवा. दुसरं काही नको.

खरं कारण पूर्णिमा होती. माझा भाचा रितेश नेपानगरला कागद कारखान्यात आहे. त्याची बायको सविता दुसऱ्या बाळंतपणासाठी रावेरला माहेरी गेलेली, आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायची बंदी केलेली. म्हणून सहा वर्षांची पूर्णिमा माझ्याकडे आली. रितेश म्हणाला, "आत्या, बाळ होईपर्यंत सांभाळ. तुझ्याशिवाय कोण आहे?" मी एकटी राहते. लेकरं सांभाळायचा मला अनुभव नाही. पण एक पोर धडधाकट परत करणं, एवढंच तर काम होतं.

दिवसभर ती ठीक असायची. दिवेलागण झाली की दाराच्या चौकटीत उभी राहून आईसाठी रडायची. आवाज नाही, हट्ट नाही. नुसत्या धारा. फ्रॉकचा गळा ओला होईपर्यंत.

मंत्र्यांना प्रश्न विचारताना मी कधी अडखळले नाही. त्या धारांपुढे मात्र माझं काही चालेना.

२

आमच्याकडच्या बायका पूर्वीपासून कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करतात. रद्दी भिजवायची, कांडायची, किडे लागू नयेत म्हणून मेथी वाटून घालायची आणि पालथ्या भांड्यावर थापायची. मी तेच केलं. फक्त टोपलीऐवजी प्राणी.

पोरांनी कचरा मात्र झकास आणला. लग्नपत्रिका, अंड्यांचे ट्रे, औषधांचे खोके, आणि ज्यांच्या घरी यंत्रमाग आहेत त्यांनी सुताचे रिकामे कागदी कोन. कोनांचे पाय होत, सोंडा होत, शिंगं होत. गल्लीतली वैशाली घुबड करत होती. शेजारच्या सोजरबाईंचा नातू गोटू हत्ती करत होता.

"पेपरवाल्या आजी, माझ्या हत्तीची सोंड गिर गई!"

"मग कासव कर."

"कासव नही पाहिजे. सोंड चिपकाके दे."

हात कोपरापर्यंत लगद्यात, नाकाला मेथीचा वास, आणि कानावर असली भांडणं. इतक्या वर्षांत इतकी मजा आली नव्हती, हे कबूल करते.

पूर्णिमाने घागर मागितली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने भरलेली मातीची घागर आमच्याकडे पुढे उन्हाळाभर पाण्याला वापरतात. यंदा तिच्या काठाला चीर गेली, पाणी झिरपायला लागलं, म्हणून मी ती जिन्याखाली ठेवली होती. मडक्यासारखं मडकं. मी काढून दिली.

तिने सगळ्या बाजूंनी लगदा थापला. खाली चार कोन. वर एक गोळा, त्याला ना डोळे, ना तोंड.

"कोण आहे हा?" मी विचारलं.

"त्याचं अजून ठरलं नाही," ती म्हणाली.

लगदा थोडा आवळला की ब्लेडने मधोमध कापायचं, आतलं भांडं काढायचं आणि दोन्ही अर्धी कागदाच्या पट्ट्यांनी जोडायची, अशी रीत. बाकीच्यांचे प्राणी मी कापले. पूर्णिमाने माझा हात धरला.

"आत्याआजी, त्याला नको कापू."

"अगं, आत मडकं राहील. जड होईल."

"होऊ दे."

होऊ दे तर होऊ दे. त्या संध्याकाळी ती चौकटीत उभी राहिली नाही. मागच्या खोलीत जाऊन त्या ओल्या प्राण्याला मिठी मारून बसली आणि त्याच्या पाठीवर डोकं ठेवून रडली. हळूहळू थांबली. तिथेच झोपली.

मी दारातून बघत होते. सुटल्यासारखं वाटलं.

३

बऱ्हाणपूरचा मे महिना ज्याने पाहिला नाही त्याला सांगून समजणार नाही. धुतलेली साडी दोरीवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेईपर्यंत पहिलं टोक वाळतं. प्राणी तडकू नयेत म्हणून मी ते उन्हात न ठेवता मागच्या खोलीत सावलीला ठेवले होते, तरी हत्ती, घुबड, ससे सगळे चटकन खडखडीत झाले. बोटाने टिचकी मारली की पापडासारखा आवाज. पोरांनी रंग काढले.

पूर्णिमाचा प्राणी ओलाच होता.

मी हात लावून पाहिला. नुकताच थापल्यासारखा. गार. दुसऱ्या दिवशी तसाच, पुढच्या दिवशीही तसाच. मग मला हसू आलं. आत घागर होती ना! माती पाणी धरून ठेवते. बाहेरचा कागद वाळायला बघतो आणि आतली माती त्याला वाळू देत नाही. इतकं सोपं. पोरांना मी बाष्पीभवनावर लहानसं भाषणसुद्धा ठोकलं.

"पण घागर तर रिकामी होती," वैशाली म्हणाली.

"मातीत मुरलेलं असतं पाणी. पुढे बोल."

त्या उन्हाळ्यात तो गारवा म्हणजे चैन होती. दुपारी कूलरची हवासुद्धा गरम यायची, तेव्हा पूर्णिमा त्याच्या अंगावर गाल टेकवून पडायची. एकदा मीही टेकवला. माठाला गाल लावल्यासारखं वाटलं, आणि माठाला नसतो तसा एक मऊपणा. डोळे मिटले. उठले तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती आणि माझ्या डोक्यात कुणाविषयीही राग नव्हता.

पूर्णिमाचं रडणं पूर्ण थांबलं होतं. दिवेलागणीला ती खेळायची, हसायची. सविताशी फोनवर बोलताना म्हणायची, "तू झोप मम्मी, मी मजेत आहे."

रितेश म्हणाला, "आत्या, तू तर कमाल केली!"

मला तसंच वाटत होतं.

४

आणि टाकीतलं पाणी जायला लागलं.

आमच्याकडे नळ रोज येत नाही. आला की गच्चीवरची टाकी भरून घ्यायची आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायची. मी एकटी बाई आणि एक पोर. पाणी कधी कमी पडलेलं नव्हतं. एका सकाळी तोंड धुवायला गेले तर नळ नुसता फुसफुसला. गच्चीवर जाऊन झाकण उघडलं. तळ दिसत होता. ओलासुद्धा नाही. पांढरा, कोरडा तळ.

सोजरबाईंची गच्ची माझ्या गच्चीला लागून आहे. मी कठड्यावरून हाक मारली.

"सोजरबाई, पाणी घ्यायचं तर सांगून घ्या. चोरून कशाला?"

त्या पापड वाळत घालत होत्या. तशाच उभ्या राहिल्या. "काव प्रतिभाबाई? मी तुमचं पानी चोरू? माह्या घरी बोअर आहे! पानी लागलं तं तुमीच दोन हंडे भरून न्या."

"मग टाकी आपोआप रिकामी झाली?"

"तुमी पेपरवाल्या. जगाच्या चोऱ्या शोधल्या. घरातली शोधा नं." आणि वर सुनेला ऐकू जाईल असं: "उनानं डोक्शात गेलं वाटते बाईच्या."

मी पाणी सोडणाऱ्या माणसाला गाठलं. त्याने हात जोडले. "ताई, पूरे मोहल्ले को बराबर दिया. तुमच्याच टाकीले काय झालं, मले काय माहीत?" प्लंबर आणला. त्याने टाकी, पाइप, तोट्या तपासल्या आणि डोकं खाजवलं. कुठे थेंबाची गळती नव्हती.

पुढच्या पाण्याला टाकी काठोकाठ भरली. झाकणाला मी कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. मोठमोठे घोटाळे बाहेर काढलेल्या बाईला पाणीचोर सापडणार नाही?

दुसऱ्या दिवशी कुलूप शाबूत होतं. टाकी कोरडी होती.

५

मी बातमीदार आहे. एका गोष्टीवरून बातमी होत नाही, पण चार गोष्टी एका दिशेने बोट दाखवायला लागल्या की खुर्चीतून उठायचं असतं. मी उठले नाही. मी कारणं देत राहिले.

तुळस रात्रीतून काडी झाली. म्हटलं, लू लागली. टोपलीतली लिंबं हलकी झाली, हातात घेतली तर आत बिया वाजायच्या. म्हटलं, जुनी असतील. कूलरची टाकी सारखी रिकामी. म्हटलं, कूलर पाणी पितोच. पूर्णिमाच्या उशाला मी पाण्याचा तांब्या ठेवायची, तोही रिकामा. म्हटलं, छान, पोर भरपूर पाणी पितेय. ह्या शेवटच्या गोष्टीचं तर मला कौतुक वाटायचं.

प्राणी आता वजनदार झाला होता. सुरुवातीला पूर्णिमा त्याला उचलून फिरायची. आता ओढत न्यायची. फरशीवर ओला पट्टा उमटायचा आणि बघता बघता वाळायचा.

एकदा गोटू वर्गाला आला आणि उंबऱ्याशीच थांबला.

"काय रे? ये आत."

"मी मागच्या खोलीत नही येणार. तो वहां बैठा है."

"कागद आहे तो, गोटू."

"आजी, वो पीता है," गोटू म्हणाला. "कल मेरे गाल पे पसीना था ना? मी त्याला टेकलो. पसीना गायब."

"घाम वाळला असेल."

"चूप रे गोट्या," पूर्णिमा आतून म्हणाली. रागाने नाही. एखादी बाई शेजारणीला दटावते तसं, हळू. "त्याला ऐकू जातं."

गोटूने आपला रंगवलेला हत्ती काखेत मारला आणि घरी निघून गेला. परत आला नाही. बाकीची पोरंही मग कमी होत गेली. मी म्हटलं, ऊन वाढलंय.

६

पूर्णिमा ओट्याच्या पायरीवरून पडली ती भर दुपारी. गुडघा दगडावर घासला, सालटं निघालं. तिने तोंड उघडून असा टाहो फोडला की सोजरबाई माझ्याशी अबोला विसरून धावत आल्या.

मी तिला मांडीवर घेतलं. ती ओरडत होती, छाती खालीवर होत होती, चेहरा पिळवटलेला होता. आणि डोळे कोरडे होते. पापण्यासुद्धा ओल्या नाहीत. मी अंगठ्याने डोळ्याखालून पुसलं. कागदावर बोट फिरवल्यासारखा आवाज झाला.

गुडघ्याकडे पाहिलं. सोललेलं होतं, लाल होतं. पण रक्त वर आलं नव्हतं.

सोजरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पोरगी पानी पेते का नही?"

"पिते हो. तांबेच्या तांबे पिते."

"ओठ पाहा तिचे."

मी पाहिले. तापी आटल्यावर काठच्या गाळाला पडतात तशा भेगा. रोज मी या पोरीची वेणी घालत होते, तिला भरवत होते, आणि मला दिसलं नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की ती रडत नाही.

डॉक्टरने चिमटीत कातडी धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्याने सलाइन लावलं आणि माझ्यावर खेकसला. मला कुणी खेकसलेलं चालत नाही. त्या दिवशी चाललं.

"बाई, लहान लेकरू आहे. आणखी एक-दोन दिवस गेले असते तर?"

बाटलीतलं पाणी थेंब थेंब तिच्या हातात उतरत होतं. पूर्णिमा छताकडे बघत होती. म्हणाली, "आत्याआजी, घरी जाऊ. त्याला तहान लागली असेल."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्णिमाला सोजरबाईंच्या घरी निजवून मी एकटी परत आले. मनाशी मी अजूनही वाद घालत होते. ओल, मग बुरशी, बुरशीने पोटाचा आजार, त्यातून अंगातलं पाणी कमी. डॉक्टरलाही पटेल असं कारण. म्हणजे आता करायचं काय, तर ते ओलं धूड गच्चीवर न्यायचं, फोडायचं, आतली घागर काढून फेकायची आणि कागद उन्हात वाळवून जाळायचा.

मागची खोली गार होती. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत अंगावर काटा येईल असा गारवा. तो कोपऱ्यात होता. भिंतीकडे तोंड करून, असं म्हणणार होते, पण त्याला तोंड नव्हतं.

मी त्याला दोन्ही हातांनी कवटाळून उचललं. पूर्णिमाएवढं वजन भरलं. कडेवर घेतलेलं पोर झोपेत अंग सैल सोडतं तसं ते माझ्या हातांवर ओघळलं. धापा टाकत जिन्यापर्यंत आले. बगलेत खलबत्त्यातला बत्ता होता. पहिल्या पायरीवर दम घ्यायला थांबले आणि सहज जिन्याखाली नजर गेली.

तिथे घागर होती.

तीच. काठाला चीर, गळ्याशी मी आखाजीला ओढलेली कुंकवाची बोटं. अखंड. आत कोळ्याने जाळं विणलेलं.

मी प्राण्याला खाली ठेवलं. त्याच्या पोटावरून, पाठीवरून, सगळीकडून हात फिरवला. कुठे कापल्याची खूण नव्हती. जोड नव्हता. भोक नव्हतं. मी तो कापला नव्हता. पूर्णिमाने कापू दिलं नव्हतं, आणि नंतर कुणीही कापलं नव्हतं.

मी बत्ता उचलला. मग हात वरच राहिला. एकच साधा प्रश्न डोक्यात आला. आत घागर नाही, तर फोडल्यावर काय सांडेल?

बत्ता मी हळूच पायरीवर ठेवला. आवाज न करता. त्याला परत उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवलं.

संध्याकाळी सोजरबाईंच्या खाटेवर पूर्णिमाला विचारलं, "घागर तू काढलीस का गं?"

"नाही. त्यानेच दिली."

"कशी दिली?"

ती जांभई देत म्हणाली, "बोलला, आत दाटी होते."

८

हरले असं मी म्हणणार नाही. मोर्चे, उपोषणं आयुष्यभर पाहिली. एक गोष्ट शिकले: मागणी काय आहे ते आधी समजून घ्यावं. याची मागणी साधी होती. मग पोरीकडून कशाला? समोरून द्यावी.

सकाळी मोठं वाडगं पाण्याने भरलं, मागच्या खोलीत त्याच्यासमोर ठेवलं आणि बाहेरून दार ओढून घेतलं. कडी लावली. कान लावून उभी राहिले.

बराच वेळ काही नाही. मग वाडगं फरशीवर किंचित सरकल्याचा आवाज. मग पिण्याचा आवाज. जनावर लपलप पितं तसा नाही. खेळून आलेलं पोर पितं तसा. घटाघटा, मध्ये श्वास, पुन्हा घटाघटा.

दाराच्या बिजागरीपाशी बोटभर फट आहे. मी तिला डोळा लावला. खिडकीच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप नेमकी वाडग्यावर पडली होती. वाडगं जमिनीवर नव्हतं. तिरकं झालेलं होतं, हवेत, आणि त्याच्या कडेला काहीतरी घट्ट टेकलेलं होतं. लहान. ओलसर. भिजल्या कागदाच्या रंगाचं. माझ्या बाजूला चार बोटं दिसत होती. पलीकडून पाचवं असावं.

वाडगं खाली आलं. पाठोपाठ एक उसासा. पोट भरल्याचा, तृप्त, 'हां' असा.

मी फटीपासून बाजूला झाले, ओट्यावर जाऊन बसले आणि समोरून जाणारे केळीच्या घडांनी भरलेले ट्रॅक्टर मोजत राहिले. मग उठले आणि दुसरं वाडगं भरलं.

ते लागू पडलं. टाकी उतरायची, पण मला कारण माहीत होतं. सोजरबाईंची मी हात जोडून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या बाई, उन्हाळा कोनालेच सोडत नही," आणि बोअरचं पाणी द्यायला लागल्या. मागच्या खोलीला मी कुलूप लावलं. पूर्णिमाला त्याच्याजवळ जाऊ दिलं नाही. तिने एकदाच विचारलं, "तो पितो ना नीट?" मी म्हटलं, "पितो." ती मान हलवून खेळायला गेली. तिचे ओठ भरून आले. गुडघ्यावर खपली धरली. गाल वर आले. आम्ही दोघी दुपारी आमरस खायचो, पत्ते खेळायचो, आणि ती सर्रास लबाडी करायची. घरात शांतता होती. मी समाधानी होते, खरंच होते.

मग फोन आला. सविताला मुलगा झाला. दोघंही सुखरूप.

माझ्या मनात एकच गोष्ट आली. पूर्णिमा जाताना त्याला बरोबर मागेल. आणि तिथे आता एक तान्हं बाळ आहे.

९

रितेश पेढे घेऊन आला, पूर्णिमाला रावेरला न्यायला. मी रात्रभर मुद्दे तयार केले होते. गाडीत जागा नाही, प्राणी ओला आहे, बाळाला सर्दी होईल. सहा वर्षांच्या पोरीशी लढायला इतकी तयारी मी कधी मुख्यमंत्र्यांसाठीही केली नव्हती.

मागच्या खोलीच्या दाराशी पूर्णिमा थांबली. "एकदा भेटू?"

"नको," मी म्हटलं.

"भेटू दे ना आत्या," रितेश हसला. "तिने बनवलाय. आणि घेऊ दे बरोबर, काय फरक पडतो?"

त्याने माझ्या हातातली किल्ली घेतली आणि दार उघडलं. पूर्णिमा आत गेली, गुडघ्यांवर बसली आणि त्याला मिठी मारली. गाल त्याच्या पाठीवर. मी तिला ओढून काढायला धावले, पण ती तोवर स्वतःच उठली होती.

"घ्यायचा का गं?" रितेशने विचारलं.

मी मुद्दे मांडायला तोंड उघडलं.

"राहू दे," पूर्णिमा म्हणाली. "आता लागत नाही."

इतकं सोपं. मला हसू फुटलं. गाडीत बसवताना तिचा मुका घेतला. गाल गार लागला. उन्हाळ्यात लेकरू गार लागलं की जिवाला बरं वाटतं. धडधाकट पोर घेतली होती, धडधाकट परत केली.

त्याच्यासमोर मी हंडाभर पाणी ठेवलं आणि दार बंद करून कुलूप घातलं. नंतर तिकडे फिरकले नाही. टाकी भरलेली राहायला लागली. तुळस नवी लावली, तिला पानं फुटली. मी सकाळी पेपर वाचायची, चुका काढायची, दुपारी लवंडायची. एक दिवस तर सोजरबाई म्हणाल्या, "आता कसा चेहरा दिसतो तुमचा!"

आज दुपारी सविताचा फोन आला. गप्पा मारायला.

"बाळ इतकं शहाणं आहे, आत्या. त्रासच नाही. रडतं कमी. रडलं तरी डोळ्यातून पाणी येत नाही."

"काय म्हणालीस?"

"अहो, तान्ह्या बाळांना नसतंच येत म्हणे. डॉक्टर बोलले, नॉर्मल आहे."

मला माहीत होतं ते. एका आरोग्य पुरवणीत मीच छापलं होतं. पहिले काही आठवडे अश्रू येत नाहीत. शास्त्र आहे.

"आणि पूर्णिमा तर त्याला सोडतच नाही," सविता सांगत होती. "गालाला गाल लावून पडते. त्यालाही आवडतं. हिचं अंग गार लागतं ना. दोघं कसे समाधानी झोपलेत, फोटो पाठवते."

फोन कानाला धरूनच मी मागच्या खोलीपाशी गेले. कुलूप काढलं. आत उकडत होतं, घरातल्या इतर खोल्यांसारखंच. हंडा काठोकाठ भरलेला होता. पाण्यावर धूळ धरली होती.

तो कोपऱ्यात होता. मी एक बोट लावलं. तो सरकला. हातावर घेतला, वजनच नव्हतं. टिचकी मारली तर पापडासारखा वाजला.

वाळला होता.

"आत्या? ऐकता ना?"

"सविता," मी म्हटलं, "पूर्णिमाला सांग, आत्याआजी येतेय. आजच येतेय. आणि माझं अंथरूण तिच्याशेजारी घाल. बाळाला तुझ्याजवळ घे. ती नाही म्हणाली तरी घे."

"अहो, एवढ्या उन्हात?"

चपला घातल्या. दाराला कुलूप लावायचं राहिलं, सोजरबाईंना हाक मारून सांगितलं. त्यांनी विचारलं, "कशाले एवढी घाई?" मी म्हटलं, "पोरीला भेटायला." बसस्टँडवर रावेरची गाडी उभीच होती. पत्रा तापलेला, खिडकीबाहेर केळीच्या बागा पांढऱ्या उन्हात डुलत होत्या.

मला घाम फुटला होता. कपाळावरून, मानेवरून, पाठीतून ओघळत होता, ब्लाउज चिकटला होता, हातातला रुमाल पिळून घ्यावा इतका भिजला होता. शेजारची बाई म्हणाली, "पुसून घ्या नं, काकू." मी पुसला नाही. बरं वाटत होतं. जुन्या भांडणांआधी वाटायचं तसं. अंगात अजून पुष्कळ ओल होती, आणि पूर्णिमाला ती बाळाआधी दिसेल अशी मी तिच्यासमोर बसणार होते.